कोरडा बुधवार

पालथ्या काकू कुणाच्याही घरी पुढच्या दारानं कधी आल्या नाहीत. सोयरीक ठरवायला येवोत, बाळंतिणीला बघायला येवोत की नुसती चुन्याची डबी मागायला येवोत, बोळातून मागच्या अंगणात शिरायचं, पदर खोचायचा आणि आधी हौदात डोकावायचं. मग रांजण. मग गुरांची डोण. मग परसात पडलेलं एखादं फुटकं मडकं, तुळशीखालची कुंडी, कोंबड्यांची परात. ज्यात जुनं पाणी दिसेल ते पालथं झालंच म्हणून समजा. एवढं उरकलं की ओले हात लुगड्याला पुसत त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि मग विचारायच्या, "काय गं, बरी हायस न्हवं? चहा टाक."

त्या माझ्या चुलत सासू. बारामतीत आमच्या आणि त्यांच्या मागच्या अंगणांची भिंत एकच होती. खरं नाव होतं काहीतरी गोड, पण ते काकांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि काका ते उखाण्यापुरतंच घेत असत. काका म्हणजे अगदी गरीब माणूस. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपायचे आणि सकाळी उठून बघावं तर तांब्या पालथा. "आमचं नशीब म्हणायचं," ते आल्यागेल्याला सांगत, "मी आधीच पालथा निजतो, म्हणून वाचलो." काकू आतून ओरडायच्या, "ऐकू येतंय मला!" आणि काका चहाच्या बशीत तोंड घालायचे.

माझं माहेर सुप्याकडचं. तिकडं पाणी म्हणजे काय असतं ते बारामतीच्या पाटावर वाढलेल्या माणसाला सांगून कळायचं नाही. आम्ही बायका घागरी घेऊन पहाटे निघायचो आणि उन्हं तापायच्या आत परतलो तर पावलो म्हणायचो. घरातलं एकूण एक भांडं भरलेलं असलं की माझ्या आईला झोप लागायची. लग्न होऊन मी बारामतीला आले तीच ही सवय घेऊन. आडाला भरपूर पाणी, मळ्यात पाटाचं पाणी खळखळतंय, आणि मी आपली पातेली, वाट्या, लोटे सगळं भरून ठेवतेय. सासूबाई हसायच्या, पण बोलायच्या नाहीत.

काकू बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, चौथ्या की पाचव्या दिवशी मी अंगणात आले तर माझा भरलेला रांजण आडवा, आणि पाण्याचा ओघळ पेरूच्या झाडापर्यंत गेलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी सून होते, तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून रडायलाच बसले. काकूंनी माझ्याकडं बघितलं, शेजारी फतकल मारली आणि म्हणाल्या, "सुपेकरणी, तुझ्या गावचं पाणी देव हाय. हितलं पाणी भाडेकरू हाय. आठ दिस ऱ्हायलं की पोरंबाळं करतं." मला त्यातलं काही कळलं नाही. बाई चक्रम आहे असं मात्र मनाशी पक्कं झालं.

कळलं ते पुढच्या पावसाळ्यात. मला दिवस गेले होते आणि गावात हिवतापाची साथ होती. पाट आल्यापासून ती दरवर्षी यायचीच. मला हुडहुडी भरली. घरातल्या सगळ्या वाकळा अंगावर घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. कोयनेलच्या कडू पुड्या घेतल्या, डॉक्टर येऊन गेले, पण पाचवा महिना संपता संपता पोट रिकामं झालं. त्या दिवसांत काकू माझ्या उशाशी बसून होत्या. एरवी अंगणभर आवाज असलेली ती बाई, पण तेव्हा नुसती माझ्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. मी उठून बसायला लागले त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "म्होरलं तुझ्या मांडीवर खेळंल. मी बघते."

तिथून त्यांनी खरा पदर खोचला. त्याच सुमारास गावात डासांच्या बंदोबस्ताला एक इन्स्पेक्टर आले होते. खांद्याला पंप अडकवलेला गडी मागं आणि हे पुढं, घरोघर जाऊन हौदावर राकेल मारायचे. त्यांचं नाव पडलं राकेलसाहेब. माणूस खरंच चांगला, तळमळीचा. काचेच्या पेल्यात हौदातलं पाणी घेऊन उजेडात धरायचे आणि दाखवायचे, "हे बघा, या डासांच्या अळ्या. आठवड्याभरात यांना पंख फुटतात आणि हेच डास मग ताप देतात." बायका पदराआडून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "पाण्यात जीव असायचेच की." काकूंनी मात्र पेला हातातच घेतला. वर-खाली वळवळणाऱ्या त्या अळ्या बघून म्हणाल्या, "अगं बया! ह्या नाचऱ्यांनी माझ्या सुनंचं लेकरू खाल्लं व्हय!" तेव्हापासून आमच्या आळीत अळ्यांना नाचऱ्याच म्हणतात.

पण बायकांनी राकेलसाहेबांच्या नाकी नऊ आणले. राकेल मारलेल्या पाण्याला म्हशी तोंड लावेनात, धुतलेल्या लुगड्यांना वास येई. मग पंपवाला बोळाच्या तोंडाशी दिसला की निरोप आळीभर पोचायचा आणि रांजण झाकले जायचे. कुणी वर गोधडी वाळत घालायचं, कुणी वर पाट ठेवून म्हातारीला बसवायचं. एकीनं तर हौदातलं पाणी घागरींत भरून त्या खाटेखाली दडवल्या. साहेब खरं तर सांगत होते की, "राकेल नको असेल तर दर आठवड्याला पाणी ओतून भांडी घासा आणि वाळवा, मी पंप आणणार नाही." पण चांगलं पाणी ओतायचं कुणाला पटणार? साहेबांनी हात टेकले. काकूंच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही तरी समजावून सांगा हो."

"समजावून कुणी ऐकतंय व्हय?" काकू म्हणाल्या. "थांबा, मी बघते."

दुपारी आम्ही सगळ्या बायका काकूंच्या पडवीत दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो. त्या दुपारी काकूंनी मध्येच हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "ऐका रांजणा, तुमची कहाणी." कहाणी अशी, की एका पाटलिणीच्या दारी काठोकाठ भरलेले रांजण होते. एक म्हातारी आली, तिचं लुगडं निथळत होतं. म्हणाली, बाई, मला बसायला कोरडी जागा दे. पाटलीण म्हणाली, माझ्या दारी रिकामं काय न्हाई, समदं भरलेलं हाय. म्हातारी निघून गेली आणि त्याच सांजेला पाटलाला हुडहुडी भरली. मग धाकटी सून म्हातारीला शोधत पाटावर गेली. म्हातारी म्हणाली, "मी निथळाई. बुधवारच्या दिशी भांडी पालथी घाल, राखेनं घास, उनात ठेव. बोटाला ओल लागंना झाली की समज, मी बसून गेले. मग भर." सुनेनं तसं केलं, आणि तिसऱ्या बुधवारी पाटील उठला नि भाकरी मागायला लागला. "ही कोरड्या बुधवाराची कहाणी, पालथ्या घागरीवर संपूर्ण," असं म्हणून काकूंनी मेथीची जुडी कपाळाला लावली.

बायका घरी गेल्यावर मला हसू आवरेना. "काकू, ही निथळाई कुठून आणलीत?"

"हितंच बसल्या बसल्या. मेथी धुतलेली निथळत हुती न्हवं समोर."

"आणि बुधवारच का?"

"सोमवार म्हादेवाचा, मंगळवार न् शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनवार मारुतीचा, आयतवार खंडोबाचा. ऱ्हायला बुधवार. बुधवारी इठोबा हाय म्हणत्यात, पण तो आपला कमरंवर हात ठेवून हुबा. त्याला काय अडचण न्हाई."

आणि काय सांगू, चालली की हो ती कहाणी! साहेबांनी घसा कोरडा करून जे झालं नाही ते निथळाईनं करून दाखवलं. बुधवारी सकाळी आळीत उभं राहावं तर दारोदार घागरी पालथ्या, पातेली पालथी, हौदांचे बोळे काढून पाणी मोरीला सोडलेलं, आणि बायका राखेचे हात घेऊन रांजणात कमरेपर्यंत शिरलेल्या. उन्हात तांबं असं लखलखायचं की डोळे दिपायचे. राकेलसाहेब थक्क झाले. काकूंनी खरा प्रकार सांगितला तेव्हा मात्र गंभीर होऊन म्हणाले, "पण काकू, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? रांजण कोरडा झाला का न्हाई?"

साहेबांनी हौदातलं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं, एकही अळी दिसेना, आणि पेला रिकामा करून निघून गेले. पंप मात्र त्यांनी त्यानंतर पाटाकाठच्या डबक्यांकडं वळवला.

आमच्या आळीत बांगड्या भरायला येणारी कासारीण इंदापूरपर्यंत फिरायची. तिच्या तोंडून कहाणी गावोगाव गेली, आणि जाता जाता तिनं आपल्या पदरचं बरंच काही घातलं असणार. वर्ष-दीड वर्षानं काकू आपल्या माहेरी, इंदापूरला, बहिणीकडं गेल्या. सवयीप्रमाणं मागच्या दारानं शिरल्या तर हौद कोरडा, रांजण पालथे. काकू हरखल्या. बहीण म्हणाली, "आज कोरडा बुधवार. तुला ठावं न्हाई? लई कडक हाय निथळाई. बारामतीच्या एका सत्त्वाच्या म्हातारीला सपनात आली हुती. वारली म्हणं बिचारी."

स्वतःच्या मरणाची बातमी काकूंनी हसून पचवली. पण मग बहिणीनं कोनाड्याकडं बोट दाखवलं. तिथं तांब्याचा छोटा कलश होता, वर आंब्याची पानं. कोरड्यात बसून देवीला तहान लागेल म्हणून हा भरून ठेवायचा आणि चातुर्मासभर हलवायचा नाही, असं व्रतात होतं म्हणे. काकूंनी पानं बाजूला करून आत बघितलं. आत नाचऱ्या. शेजारच्या घरी बघितलं, तिथंही कलश, तिथंही नाचऱ्या. काकू ओरडल्या, "ओता ते आधी!" बायकांनी कानांवर हात ठेवले. "अगं, निथळाई मी रचली, माझ्या ह्या तोंडानं!" काकू जीव तोडून सांगत राहिल्या. बहिणीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "असं बोलू नगं बाई, कोप हुईल." आपणच उभ्या केलेल्या देवीनं काकूंना दारात अडवलं. त्या दुसऱ्याच दिवशी मोटारीनं परत आल्या.

आल्या त्या थेट आमच्या अंगणात. हौद बघितला, ताजंच पाणी होतं. डोण बघितली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन "चहा टाक" म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर देवळीवर गेली. तिथं माझा कलश होता; देवाची जागा म्हणून एरवी त्या तिकडं बघत नसत.

मला पुन्हा दिवस गेले होते, चौथा संपत आला होता. कासारीण बांगड्या भरता भरता म्हणाली, पोटुशी हायस, निथळाईला तहानेली ठेवू नगंस. मी त्याच दुपारी कलश भरला होता. काकूंनी पानं उचलली, आत बघितलं आणि कलशाला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांचं मनगट धरायची हिंमत माझ्यात कुठून आली, देव जाणे.

"हात लावू नका, काकू."

"अगं, ह्यात नाचऱ्या हायत."

"असू देत."

"सुपेकरणी, शुद्धीवर हायस का? निथळाई मी केली. तुझ्याच म्होरं, मेथी बांधता बांधता. तू हसली हुतीस."

"हसले होते. तेव्हा पोटात काही नव्हतं."

काकूंनी कलश सोडला. जुन्या पाण्याचं भांडं त्यांच्या हातून तसंच सुटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मला देवीची भीती, त्यांना डासांची, आणि दोघींच्या मध्ये तो वीतभर कलश. मला सगळं माहीत होतं हो, देवी खोटी आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण एकदा पोट रिकामं झालं की बाई कशालाही भिते. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझी दोन गेली, पोरी. तापानंच. तवा मला पाण्यातलं कुणी सांगितलं न्हवतं. आता म्हाईत असून बघत बसू व्हय?" मी रडायला लागले. त्याही रडल्या. चहा उतू गेला.

मग काकूंनी नाक पुसलं आणि एकदम विचारलं, "तू माहेरी कवा गेली हुतीस?"

"दिवाळीत."

"आन् हिला हितं बसवून किती दिस झाले?"

"झाले की पंधरवडाभर."

"अगं मग हिला आईबाप न्हाईत व्हय? पाणी हे हिचं सासर, कोरडं ऊन हे माहेर. बुधवारी समद्या गावात बसाया जाती, तशीच पुढं माहेरी जात आसंल, का न्हाई? आन् तू दाराला आडसर लावून बसलीस. लेकीबाळीला माहेरी जाऊ देत न्हाईस, कसली गं सासू तू!"

त्या रचत होत्या हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी माझ्या छातीवरचा धोंडा हलला. माहेरी निघालेल्या लेकीला अडवायचं पाप मला कुणी कितीही कोप सांगितला तरी झेपणारं नव्हतं. मी ओंजळभर तांदूळ घेतले, सुपारी घेतली, कलशाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि माझ्याच हातानं तो कलश पेरूच्या बुडाशी रिता केला. काकूंनी पदरानं तो आतून कोरडा पुसला आणि भिंतीवर पालथा घातला. "सुटली बिचारी," त्या म्हणाल्या, आणि मला नीट कळलं नाही की त्या कुणाबद्दल बोलत होत्या. पुढच्या दुपारी मेथीच्या जुड्यांबरोबर निथळाईची दर बुधवारची पाठवणी कहाणीत बांधली गेली. कासारणीला काकूंनी समोर बसवून ती दोनदा म्हणवून घेतली.

ताप गावातून पार गेला असं मी म्हणणार नाही. पाट होता, ऊस होता, डबकी होती. पण त्या पावसाळ्यात मला हुडहुडी भरली नाही. बाळंतपणाला सुप्याला जायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाल्या, "जा बिनघोर. पाणीच न्हाई तितं, तर डास काय ढेकळात हुत्यात?" मुलगी झाली. बारशाला काकू आल्या, अर्थात मागच्या दारानं. माझ्या आईचे भरलेले रांजण ओळीनं उभे होते. मला वाटलं, आता ही बाई आईचं दोन दिवसांचं पाणी मातीत घालणार. काकू रांजणांपुढं थांबल्या. हात जोडले. मग आईकडं जुन्या लुगड्याचे धडपे मागून घेतले आणि एकेका रांजणाचं तोंड घट्ट बांधत म्हणाल्या, "ह्याला वताय येत न्हाई. हा देव हाय."

माझी लेक चालायला लागली त्या सुमारास काकूंच्या बहिणीनं अंथरूण धरलं, म्हणून काकू आणि काका इंदापूरला राहायला गेले. निघायला त्यांनी बुधवारच धरला. मोटार आळीच्या तोंडाशी उभी, आणि दोन्ही बाजूंना दारोदार घागरीच घागरी. ड्रायव्हर कुरकुरला, "निघतानाच समद्या रिकाम्या घागरी? कुणी चांगली भरली घागर आणा की." काकूंनी आळीकडं एकदा डोळे भरून बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "माझ्यासाठी ह्याच भरल्या हायत. चल." मी लेकीला कडेवर घेऊन मोटारीच्या धुरळ्यात उभी राहिले. फार पोरकं वाटलं.

दोनेक वर्षांनी काकू गेल्याचा निरोप आला. ताप नव्हता, वयच झालं होतं. मी दहाव्याला इंदापूरला गेले. बोळाशी आले आणि पाय आपोआप मागच्या अंगणाकडं वळले. पडवीत बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. काकू गेल्या त्या दिवशी रीतीप्रमाणं घरातलं सगळं पाणी ओतून दिलेलं, मग पाहुण्यांसाठी मोठा रांजण भरून ठेवला होता. सुतकात व्रत पाळत नाहीत, म्हणून मधल्या बुधवारीही तो तसाच राहिला होता. मी वाकून बघितलं. नाचऱ्या.

मी पदर खोचला आणि रांजण आडवा केला. पाणी पडवीच्या पायरीपर्यंत गेलं. काकूंची बहीण आतून खाटेवरून ओरडली, "अगं, दहाव्याच्या दिशी रांजण धुवाय काय निघालीस?"

"आज बुधवार आहे," मी म्हणाले.

त्या दिवशी शनिवार होता. गावच्या मारुतीला सकाळपासून तेल वाहायला माणसं जात होती, पडवीतून ती सगळ्यांना दिसत होती. मग एक म्हातारी उठली, चुलीतली राख घेऊन आली आणि माझ्याबरोबर रांजण घासायला बसली. दुसरीनं हौदाचा बोळा काढला. एकेक करून सगळ्या उठल्या.